बिनव्याजी

कृष्णवेणीला कामावरून काढलं त्या सकाळी कत्तरी लागली होती. मे महिन्यातलं हे ऊन असं, की मैलापूरच्या गल्लीतली कुत्री उभ्या मोटारींच्या पोटाखाली शिरून जिभा टाकून पडतात. कृष्णवेणी मागच्या मोरीवर इडलीचे साचे घासत होती आणि सईबाई तिच्यामागं उभी राहून शब्द शोधत होती.

"कृष्णवेणी, उद्यापासून येऊ नको."

"गावाला चाललात होय अम्मा?"

"नाही. इथंच आहोत. मीच करीन सगळं."

कृष्णवेणीनं साचा पालथा घातला आणि हाताची पावडर धुतली. "चोरी झाली का काही?"

"छे गं."

"मग दुसरी कुणी कमी पैशात मिळाली?"

"कुणी नाही. म्हटलं ना, मीच."

कृष्णवेणी हसली. सईबाई खाली वाकली की तिची कंबर धरते, उठताना गुडघा वाजतो, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? "सरि, बरं," ती म्हणाली. "पण रेशनचा तांदूळ तेवढा देत जा. कार्ड तुमचं, तांदूळ माझा, असं ठरलंय आपलं."

सईबाईला तेच सांगायचं होतं आणि तेच जिभेवर येत नव्हतं. सरकारी दुकानात फुकट मिळणारा जाड तांदूळ या घरात कधी शिजला नव्हता. सईबाई तो आणायची आणि पिशवीचं तोंडही न सोडता कृष्णवेणीच्या हातात द्यायची. देताना तिला फार बरं वाटायचं.

"तांदूळपण लागेल आम्हांला."

"खायला?"

"नाहीतर काय, दारात कोलमची रांगोळी घालायला?"

कृष्णवेणीनं खोचलेला पदर सोडला. "पुष्कळ पाण्यानं धुवा," ती जाता जाता म्हणाली. "तरी वास जायचा नाही. तुमच्या म्हाताऱ्यांना लागेल तो." यात दया नव्हती. मजा होती.

महिन्याभरात ती वरच्या मजल्यावर घरमालकांकडे कामाला लागली आणि सईबाईच्या दारावरून, तिच्याकडं न बघता, रोज जिना चढू लागली.

तसं पाहिलं तर भूक लागावी असं या घरात काही झालं नव्हतं. बालाजीराव अड्यारच्या एका खाजगी कंपनीत हिशेबनीस. कंपनीनं मध्ये काही महिने पगार दिला नाही. बालाजीरावांनी ते घरी सांगितलं नाही. रोज भरला डबा घेऊन निघत, रोज रिकामा डबा घेऊन परत येत. घर चाललं क्रेडिट कार्डावर. एका कार्डाचं देणं दुसऱ्यानं भागवलं, दुसऱ्याचं तिसऱ्यानं, आणि शेवटी मोबाइलवर बोट दाबलं की पैसे देणारी ती ॲपं. पगार पुन्हा सुरू झाला तेव्हा बालाजीराव गळ्याइतके बुडालेले होते. मग वसुलीवाल्यांचे फोन. घरमालकांना. मुलगी संयुक्ता, तिच्या कॉलेजातल्या मैत्रिणींना. एक फोन तर भर दुपारी सईबाईच्या सासऱ्यांना, वेंकोबांना. "तुमचा मुलगा चोर आहे म्हणून सांगितलं त्यानं," म्हातारा दिवसभर पुटपुटत होता, "तमिळमध्ये सांगितलं. मराठीत तरी सांगायचं."

त्यांनीच मग लेकीला फोन केला. गोदाअक्का. बालाजीरावांची थोरली बहीण. नवऱ्याचा पंपसेटचा धंदा, अण्णा नगरात स्वतःचा फ्लॅट. अक्का आल्या, पंख्याखाली बसल्या आणि एका दुपारात सगळ्या कार्डांचं आणि ॲपांचं देणं फेडून मोकळ्या झाल्या. घरात कुणाला बोलायला तोंड राहिलं नाही.

"व्याज नको मला," अक्का म्हणाल्या. "पाठच्या भावाकडून व्याज घेऊ? मी आपली अधूनमधून येऊन जात जाईन."

निघताना त्यांची नजर सईबाईच्या हातांवर आली. प्रत्येक हातात एक पाटली. सईबाईच्या आईच्या त्या. तंजावरच्या सोनाराकडं घडवलेल्या, वेलीची नक्षी, आतल्या बाजूनं झिजून गुळगुळीत झालेल्या.

"त्या माझ्याकडं राहू देत," अक्का म्हणाल्या. "सांभाळायला. याच्या हाताशी सोनं नको. सगळं फिटलं की घेऊन जा."

बालाजीराव फरशीकडं बघत राहिले. सईबाईच्या हातातून पाटल्या सरळ उतरल्या, हात काय, काड्या होत्या. अक्कांनी मात्र अंगठा तळहातात दुमडून, ओठ आवळून, दम रोखून त्या चढवल्या. "लॉकरात कशाला? अंगावर असलं की जपलं जातं," त्या म्हणाल्या आणि हात पुढं धरून बघितलं. "बसल्या."

दुसऱ्या दिवशी तिनं कृष्णवेणीला काढलं.

एकदा हात लागला म्हटल्यावर ती थांबेना. पाण्याचे कॅन बंद झाले. पहाटे नळाला जोर असतो तोवर दारातला हातपंप मारायचा, प्लास्टिकच्या हिरव्या घागरी भरायच्या, गाळून उकळायच्या. पंपाचा दांडा खाली येताना हलका यायचा आणि वर जाताना खांदा घेऊन जायचा. एसीच्या बटणावर तिनं जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळून गाठ मारली. वर्तमानपत्र बंद केलं, तेव्हा वेंकोबा शेजारच्या पायरीवर जाऊन दुसऱ्याचं वाचू लागले. सईबाईला लाज वाटली, पण पैसे वाचले. लाज आणि पैसे यांचं तिनं मनाशी कधीच ठरवून टाकलं होतं.

कॉफीचं दुकान तेवढं जड गेलं. कोपऱ्यावरच्या भाजून दळून देणाऱ्या त्या दुकानात ती नवी नवरी म्हणून आली तेव्हापासून जात होती. मालक तिला बघून बिया काढायला लागायचा.

"नेहमीचीच ना मामी?"

"चिकोरी वाढवा."

"किती?"

सईबाईनं हळू सांगितलं. यंत्र चालू होतं. "काय?" त्यानं विचारलं. तिनं पुन्हा सांगितलं. मालकानं यंत्र बंद केलं आणि त्या शांततेत म्हणाला, "अर्धी चिकोरी?" रांगेतल्या बायका वळल्या. "मेस काढलीत की काय मामी?"

"पाहुणे फार येतात," सईबाई म्हणाली.

शिवाय एक छोटी पुडी चांगल्या पुडीची, बिनचिकोरीची, वेगळी घेतली. ती गोदाअक्कांसाठी. त्या आल्या की ती पुडी फोडायची, फिल्टर धुवून पुसून कोरडा करायचा, आणि पहिलं, दाट डिकॉक्शन त्यांना. घरातल्यांना सकाळी एकदा पहिलं. दुपारी त्याच चोथ्यावर पुन्हा उकळतं पाणी ओतून जे उतरेल ते.

वेंकोबांनी पहिल्या दुपारी डवरा-टंबलर तोंडाला लावला आणि खाली ठेवला.

"हे काय आहे?"

"कॉफी, मामंजी."

"कोण म्हणतं?"

म्हाताऱ्यानं ती संपवली, आणि पायरीवर जाऊन लेकीला फोन लावला. त्याला वाटायचं आपण हळू बोलतो. "गोदे, इथं पाणी पाजतात गं मला," तो म्हणत होता, आणि मोरीवर भांडी घासणाऱ्या सईबाईच्या हातातली काथ्याची घासणी क्षणभर थांबून पुन्हा चालू झाली.

अक्का रविवारी आल्या. कधी येणार ते सांगून यायच्या नाहीत. चपला काढल्या की थेट स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघरात थेट फ्रिज. दार उघडून त्या दोन्ही हात कमरेवर ठेवून उभ्या राहत. पाटल्या मनगटावर घट्ट बसलेल्या, वर-खाली मांस फुगून आलेलं. आतला थंड वारा त्यांच्या तोंडावर येई आणि बाहेर सईबाईला घाम फुटे.

"द्राक्षं?" अक्का म्हणाल्या.

"संयुक्ताला ताप होता. तोंडाला चव नव्हती तिच्या."

"तापात द्राक्षं?" त्यांनी एक तोडून तोंडात टाकलं. "आंबट. आणि सीझनपण नाही. काय भावानं घेतलीस?" दुसरं. "मी म्हणत नाही हं की देऊ नको. लेकराला द्यावंच." तिसरं. "पण सई, आमच्या घरात परवा मी सफरचंद ठेवून दिलं परत, भाव ऐकून. आणि आमच्याकडं तर कुणाचं देणं नाही." बोलता बोलता घोसाचा सांगाडा तेवढा राहिला. तो त्यांनी नीट वाटीत ठेवला आणि दार लावलं. "अप्पा म्हणाले कॉफी बदललीस म्हणून?"

"घ्या ना. तुमची ठेवली आहे."

अक्का प्यायल्या. "हीच तर चांगली आहे की," त्या म्हाताऱ्याला म्हणाल्या. वेंकोबा आपल्या डवऱ्यातल्या फिक्या पाण्याकडं बघत राहिले. सईबाईला त्या क्षणी त्यांची कीव आली, आणि थोडं समाधानही झालं.

गोदाअक्का व्याज घेत नव्हत्या. डोळ्यांनी घेत होत्या, आणि ते कधी फिटत नव्हतं.

पहिला पावसाळा गेला, पोंगल गेलं, दुसरी कत्तरी आली. बालाजीरावांचा पगार झाला की सईबाई त्यांच्या हातून मोबाइल घेऊन आधी अक्कांना पैसे पाठवी आणि मग उरलेल्यात घर बसवी. बालाजीराव देत. न देण्याची त्यांची छाती नव्हती. पण घरात ते कुणाशी बोलेनासे झाले होते. संयुक्ता मात्र बोले, अर्धं तमिळ, अर्धं इंग्लिश, आणि आईला झोंबावं एवढंच मराठी.

"अम्मा, कर्ज अप्पांनी केलं. शिक्षा मला का?"

"कसली शिक्षा? जेवायला मिळतं ना?"

"या तांदळाला जेवण म्हणतेस? हॉस्टेलच्या मुलींना दया आली माझा डबा बघून. हॉस्टेलच्या!"

"मग त्यांचं खा."

"खाते. रोज खाते." पोरीचे डोळे भरले. "भिकाऱ्यासारखी खाते."

सईबाईनं त्या दिवशी तिच्या ताटात जास्तीचं तूप वाढलं. संयुक्तानं ते बोटानं ताटाच्या कडेला सारून ठेवलं.

नोव्हेंबरात पावसानं गल्ली भरली. ईशान्येचा पाऊस, थांबायचं नाव नाही. गटाराचं पाणी आणि वरचं पाणी एक झालेलं. बालाजीरावांच्या बुटाचा तळ सुटला होता. पगाराच्या आधी त्यांनी विचारलं होतं आणि सईबाईनं, "या महिन्यात नको, चप्पल आहे की," म्हणून सांगितलं होतं. ते स्टेशनापासून चपलांत, गुडघाभर पाण्यातून चालत आले. पाण्याखालच्या कसल्याशा पत्र्यानं टाच कापली. दारात उभे राहिले तेव्हा पायाखालच्या पाण्याचा रंग बदलत होता.

सईबाई हळद घेऊन बसली. पाय मांडीवर घेतला. पाय थंडगार, चामडी सुरकुतलेली, बोटांमधलं कातडं पांढरं पडलेलं. किती वर्षांत तिनं हा पाय इतक्या जवळून पाहिला नव्हता. तिनं अलगद हळद दाबली.

"अजून दाब," बालाजीराव म्हणाले. "तुला पाहिजे तेच झालंय."

"मला पाहिजे होतं?"

"तू भांडतेस अक्काशी. मार खातो आम्ही."

"भांडते? मी पैसे फेडते तिचे. तुम्ही केलेले."

"अक्कानं घाई केली आहे का? चार वर्षं लागली असती तर लागली असती. बूट घेऊन लागली असती. तुला तिचं तोंड बंद करायचंय, बाकी काही नाही."

सईबाई हळद दाबत राहिली. खरं होतं ते. "माझ्या आईच्या पाटल्या आहेत तिच्या हातात," ती म्हणाली. "ती येते, फ्रिज उघडते, त्या हातानं. तुम्हांला दिसत नाहीत त्या?"

"तू बघतेस ना. पुरे आहे." त्यांनी पाय काढून घेतला. हळदीचे ठिपके तिच्या लुगड्यावर राहिले.

जानेवारीत शेवटचा हप्ता उरला. सईबाईनं तो मोबाइलवरून पाठवायचा नाही असं ठरवलं. कणू येत होती. पोंगलच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, अंघोळीआधी, बायका गच्चीवर हळदीच्या पानांवर रंगीत भाताचे गोळे कावळ्यांना ठेवतात, भावांसाठी. आणि भाऊ बहिणीला सीर देतो: पैसे, साडी, जे जमेल ते. अण्णा नगरच्या फ्लॅटवर कावळे येत नाहीत म्हणून गोदाअक्का दरवर्षी कणू ठेवायला माहेरी यायच्या. यंदा यायच्या तेव्हा रोख पैसे हातावर ठेवायचे, आणि पाटल्या तिथंच, मामंजींच्या समोर, उतरवून घ्यायच्या.

पैसे थोडे कमी पडत होते. तेवढ्यात तंजावरहून तिच्या भावाचं, शहाजीचं सीर आलं. साडी घे म्हणून पाठवलेलं. सईबाईनं तेही त्या गड्डीत घातलं. साडी काय, पुढच्या वर्षी.

मग अक्कांना सीर काय द्यायचं? हप्ता देऊन वर सीर, हे जमणारं नव्हतं. रिकामं ताट पुढं करणंही जमणारं नव्हतं. सईबाईनं पितळेचं ताट चिंचेनं घासलं. विड्याची पानं, सुपारी, हळकुंड, एक खण, आणि पानांवर मधोमध नोटांची गड्डी. ताट भरलेलं दिसत होतं. एका ताटात दोन्ही कामं झाली म्हणून तिला स्वतःचं कौतुकही वाटलं.

कणूच्या पहाटे गच्चीवर गार होतं. अक्कांनी पिवळे, तांबडे, पांढरे गोळे पानावर मांडले, उसाचे तुकडे ठेवले, आणि भाऊ कावळ्यांच्या थव्यासारखा भरल्या कुळात राहू दे म्हणून पुटपुटत हात जोडले. सईबाईनं शेजारच्या पानावर शहाजीसाठी मांडले. दोघी नणंदा-भावजया एकमेकींकडं न बघता कावळ्यांना हाका मारत राहिल्या. कावळे आधी अक्कांच्या पानावर उतरले. तिथंसुद्धा, सईबाईच्या मनात आलं.

अंघोळी झाल्या. वेंकोबा खुर्चीवर, संयुक्ता दाराशी मोबाइल घेऊन. बालाजीरावांनी ताट उचललं आणि बहिणीसमोर धरलं. अक्कांनी पदर पसरून पानांसकट सगळं घेतलं. नोटांवर त्यांची नजर थांबली. मग सईबाईकडं गेली. मग पुन्हा नोटांवर. त्यांनी पदर आवळून पोटाशी धरला.

"शेवटचे आहेत, अक्का," सईबाई म्हणाली. "फिटले सगळे. आता त्या पाटल्या..."

"शेवटचे कसले?"

"हप्ता."

"हप्ता?" अक्का हसल्या. "कणूच्या दिवशी, पानावर ठेवून, भावानं हातानं दिलं. हे सीर आहे, सई. सीर हप्त्यात धरायला मी काय मारवाडी आहे?"

सईबाई पुढं झाली.

"अक्का, ते..."

"अप्पा, तुम्ही सांगा. पानावर ठेवून दिलेलं सीर की नाही?"

वेंकोबांनी चष्मा काढला. "पानावर दिलं म्हणजे सीरच," ते हळू म्हणाले. ते खरंच होतं. त्या घरात कुणी त्याला नाही म्हटलं नसतं. सईबाईनंही नाही.

"हप्ता दे पुढं सावकाश," अक्का म्हणाल्या. "मी कुठं घाई करते?"

सईबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. बालाजीराव फरशीकडं बघत होते, दोन वर्षांपूर्वी बघत होते त्याच फरशीकडं. त्या गड्डीत शहाजीचं सीर होतं. एक साडी, एक जोडी बूट, आणि पोरीच्या डब्यातला चांगला, बारीक पोन्नी तांदूळ होता. "जेवायला वाढते," ती म्हणाली, आणि आत गेली.

चित्रान्न, नारळीभात, चिंचेचा भात. ती वाढत गेली आणि अक्का जेवत गेल्या. पण आज त्या मन लावून जेवत नव्हत्या. उजवा हात पानावर होता, आणि सईबाई भात वाढायला वाकली तेव्हा तिला मनगट दिसलं. पाटलीच्या वर-खाली कातडं सोललेलं, जांभळं. आणि वेलीच्या नक्षीत, पानापानांत, काहीतरी पांढरं सुकून बसलेलं. तिनं डाव्या हाताकडं पाहिलं. तिथंही तेच.

साबण.

जेवण झाल्यावर अक्का हात धुवायला मागच्या मोरीवर गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. सईबाई गेली तेव्हा त्या भांड्यांच्या साबणाची वडी मनगटावर घासत होत्या. दात आवळलेले, डोळ्यांत पाणी. तिला बघून त्यांनी हात पदरात घेतला.

"चिकट झालं होतं," त्या म्हणाल्या.

"किती दिवस झाले?"

"कशाला?"

"निघत नाहीत त्याला."

अक्का भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. "दिवाळीपासून," त्या शेवटी म्हणाल्या. "गोळ्या घेते ना मी. हात सुजतात. सोनार म्हणाला तोडाव्या लागतील." मग एकदम उसळून, "मग काय करू? तुझ्या आईचं सोनं तोडून आणून देऊ तुझ्या हातात? की पाया पडू तुझ्या? आज सांगणार होते. तू ते ताट पुढं केलंस, माझ्या तोंडातून निघालं ते निघालं!"

"पैसे गिळताना बरं निघालं."

"तू काय कमी आहेस? दोन वर्षं माझ्या बापाला गढूळ पाणी पाजलंस. मला दाखवायला!"

"हो," सईबाई म्हणाली. "दाखवायलाच. बसा खाली."

"काय?"

"बसा म्हणते ना. त्या दगडावर."

ती आत जाऊन खोबरेल तेलाची बाटली घेऊन आली. दोन वर्षं त्या बाटलीतलं तेल या घरात चमच्यानं मिळत होतं. संयुक्ताच्या केसांनाही मोजून. सईबाईनं झाकण काढून टाकलं आणि बाटली अक्कांच्या डाव्या मनगटावर सरळ उलटी केली. तेल कोपरापर्यंत ओघळलं, लुगड्यावर पडलं, मोरीच्या दगडावरून वाहू लागलं. अक्कांचा तळहात तिनं आपल्या दोन्ही हातांत धरून आवळला, अंगठा आत दुमडला.

"ऐयो! हाड मोडेल!"

"बोटं सैल सोडा."

"मारतेस की काय!"

"चढवताना दम रोखला होता ना? आता सोडा."

जिन्यावर कृष्णवेणी घरमालकांची भांडी घेऊन थांबली होती. "अम्मा," ती वरून म्हणाली, "किती तेल ते!"

दोघींपैकी कुणी वर पाहिलं नाही. सईबाईनं एक पाय भिंतीला लावला. अक्का दगडावरून निम्म्या घसरल्या, शिव्या तमिळमधून मराठीत आल्या. सईबाईची कंबर धरली, गुडघा वाजला, आणि अंगठ्याच्या हाडावरून पाटली एकदम सुटली. सईबाई मागं घागरींवर जाऊन बसली. हातात पाटली होती, तेलानं आणि थोड्या रक्तानं माखलेली. अक्का हात पोटाशी घेऊन रडत होत्या, लहान मुलीसारख्या, आवाज काढून.

उजव्या हाताची निघाली नाही. बाटली संपली, हात दुप्पट सुजला, तरी निघाली नाही.

"तोडू दे," अक्का दमून म्हणाल्या. "उद्या तोडून आणते. आणि ते पैसे... हप्त्यात धरते मी. पोदुम गं, पुरे."

"धराच. पण तोडायची नाही." सईबाईनं डाव्या हाताची पाटली पदरानं पुसली आणि आपल्या हातात सरकवली. ती सैल होती, पूर्वीपेक्षा जास्तच. "तंजावरचं काम आहे ते. पुन्हा कुणी जोडून देणार नाही. तुम्ही हात उतरवा."

"म्हणजे?"

"साखर सोडा. मीठ कमी करा. लोणची, वडे, मिठाई बंद. मी केलं ना दोन वर्षं? जमतं. पहिला महिना जड जातो."

"आणि तोवर?"

"तोवर राहू दे तुमच्याकडं. सांभाळायला." सईबाई भिंतीला धरून उठली. "व्याज नको मला, अक्का. मी आपली अधूनमधून येऊन जात जाईन."

त्या दुपारी कॉफी तिनं चांगल्या पुडीची केली. पहिलं डिकॉक्शन वेंकोबांना, संयुक्ताला, नवऱ्याला, स्वतःला. मग चोथ्यावर पुन्हा पाणी ओतलं आणि जे उतरलं ते, बिनसाखरेचं, अक्कांसमोर ठेवलं. अक्कांनी घोट घेतला आणि बापाकडं पाहिलं. वेंकोबांनी आपला डवरा दोन्ही हातांनी छातीशी धरला.

"पी," ते म्हणाले. "सवय होते."

पुढच्या रविवारी सईबाई न सांगता बसनं अण्णा नगरला गेली. तिसऱ्या मजल्यापर्यंत लिफ्टनं, मग थेट स्वयंपाकघरात. फ्रिज दोन दारांचा होता. तिनं दोन्ही उघडली आणि हात कमरेवर ठेवून उभी राहिली. एका हातात पाटली होती. मागं अक्का उभ्या होत्या, सुजलेला उजवा हात पदराखाली घेऊन.

"मैसूरपाक?" सईबाई म्हणाली.

"पाहुणे येणार होते."

सईबाईनं डबा बाहेर घेतला, एक वडी तोंडात टाकली. तूप बोटांना लागलं. मग दुसरी. ती सावकाश चावत होती, आणि फ्रिजमधला थंड वारा तिच्या तोंडावर येत होता.

"मी म्हणत नाही हं," ती म्हणाली, आणि तिसरी उचलली.